‘तुझं सॉफ्टवेअर रुसलंय’ म्हणणारे वाघकाका

वाघकाका गेले, आणि मी त्यांना शेवटचं काय बोललो तर, "आता मला बोलवायचं कामच न्हाई."

आज दहावा झाला. नदीवरून येऊन आंघोळ केली आणि हे लिहून राह्यलो.

भोकरदनला आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. रिटायर मास्तर. अख्खं गाव सर म्हणायचं, मी काका. सर म्हणलं की मला कॉलेज आठवतं, आणि कॉलेज आठवलं की डोकं फिरतं.

दुसरं कारण, ते तिचे वडील होते.

तिचं नाव इथं लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये शहाणपणा करू नका. खरंच ब्लॉक करीन.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम काका बघायचे. बायोडाटे, फोटो, सगळा पसारा घरात. मी तेव्हा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. जोशात म्हणलं, "काका, मी सॉफ्टवेअर बनवून देतो."

बनवलंही. नाव टाकलं की बायोडाटा आणि फोटो समोर.

फक्त एक काम कच्चं ठेवलं. सगळ्या फायली कॉम्प्युटरच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये होत्या, आणि त्या फोल्डरचा पत्ता मी प्रोग्रॅममध्ये हातानं टाइप केला होता. सी ड्राइव्ह, युझर्स, वाघ, डॉक्युमेंट्स. फोल्डर तिथून हललं की प्रोग्रॅम आंधळा.

आणि आमच्याकडं ते हलतंच. कॉम्प्युटर स्लो झाला की दुकानवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, म्हणून जो तो आपलं सगळं उचलून डी मध्ये नेऊन ठेवतो. काकांनीही दुकानवाल्याकडून ठेवून घेतलं.

लगेच फोन. "इंजिनिअर, तुझं सॉफ्टवेअर रुसलंय. ये."

गेलो. नवा पत्ता टाकला. तिनं चहा आणला. साखर लई झाली होती. गुपचूप प्यालो.

अशी एक लाइन असते की प्रोग्रॅम विंडोजलाच विचारतो, बाबा, ह्या माणसाचं डॉक्युमेंट्स सध्या कुठंय? मंग फोल्डर कुठंही न्या, सापडतं. ती लाइन मला येत होती. पण टाकली असती तर चहा बंद झाला असता.

मंग एका रविवारी काका म्हणाले, "आमच्या हिचाबी बायोडाटा टाक रे त्यात. फोटो जरा बराबर लाव."

मी टाइप करत गेलो. ती दारात उभी.

"अपेक्षामध्ये काय लिहू?"

"नोकरीवाला लिही," ती म्हणाली. "पप्पांनी सांगितलंय."

मी ‘नोकरीवाला’ टाइप केलं. फोटो बराबर लावला.

लग्न झालं, पुण्याला गेली. मी लग्नात गेल्तो, पंगतीत वाढलंसुद्धा. त्याच वर्षी कॉलेज सोडलं. दोन्हीचा काही संबंध नाही असं सगळ्यांना सांगायचो. विचारलं नसलं तरी सांगायचो.

आमच्याकडच्या टेंभुर्णीला मामाच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बिलं करायला लागलो. आणि काकांचे फोन वाढले.

"इंजिनिअर, रुसलंय परत."

"काका, मी इंजिनिअर न्हाई आता."

"अर्धा तर हायेस ना? मंग अर्धा ये."

कधी फोल्डर डी मध्ये, कधी ई मध्ये, एकदा तर ‘नवीन’ नावाच्या फोल्डरच्या पोटात. मी पत्ता बदलायचो, काका बाजूला खुर्ची ओढून बसायचे. काकू मुरमुऱ्यांचा सुशिला करून आणायच्या. खाता खाता काका हळूच विचारायचे, "राहिलेल्या पेपरांचा फॉर्म कधी भरतोस?"

उन्हाळ्यात एकदा भर दुपारी टेंभुर्णीहून गाडी मारत आलो आणि माझं डोकं सटकलं.

"कोण हलवतंय हे सारखं?"

"वारं आलं असंल."

"वाऱ्यानं फोल्डर हलतं का काका?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू इंजिनिअर."

त्या शब्दानं पेटलो. ती लाइन टाकली. दोन मिनिटांचं काम.

"घ्या. आता चंद्रावर न्या फोल्डर, हे बरोबर हुडकून काढंल. आता मला बोलवायचं कामच न्हाई."

काका स्क्रीनकडं बघत राहिले. "बिलकुलच न्हाई?"

"बिलकुल."

काकू आतून खायला आणत होत्या. मी थांबलो नाही, गाडीला किक मारली.

त्यानंतर फोन आला नाही. मला वाटलं, बघा, काम कसं पक्कं केलं. मध्ये त्यांना अटॅक आल्याचं कळलं, दवाखान्यातून घरी आल्याचंही कळलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

आज दहाव्याला ती होती. नदीवरून त्यांच्या घरी गेलो, चपला घालून निघालो तर मागून अंगणात आली. लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो.

"फोल्डर पप्पाच हलवायचे. मीच शिकवलं होतं त्यांना फोनवर. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. ते म्हणायचे, पोरगा समोर बसला तर समजावता तरी येतंय, पेपर देईल."

"मंग सरळ बोलवायचं ना."

"सरळ बोलवल्यावर आला असतास? आमच्या घरी?"

मी गेटची कडी काढायला लागलो.

"तू ते नीट करून गेलास ना, त्या संध्याकाळी पप्पांचा मला फोन आल्ता. म्हणले, इकडं तिकडं हलवून बघितलं, सापडतंय त्याला सगळं. आता काय बिघडवू गं?"

मी गेट धरून उभा राहिलो.

काहीही, काका. काहीही बिघडवायचं होतं. माउसची वायर उपसून ठेवली असती तरी आलो असतो. शिव्या देत आलो असतो, पण आलो असतो.

पेपरांचा फॉर्म अजून भरलेला नाही. भरीन अशी इथं चारचौघांत शपथ घेणार नाही, काका, माझ्या शपथा तुम्हाला माहीत होत्या.

वाघकाका, जड मनानं निरोप देतो. तुमच्या पायावर डोकं ठेवायचं राहून गेलं.