झारचे सैनिक आणि काकांची गाडी

काकूंचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, तसं त्यांना सांगितलंही. "हातातलं फावडं आधी खाली ठेव," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच मला कळलं. मुकुंदकाका गेले. त्याला आता काही आठवडे झाले. कॅनडातल्या या रेजिनात इतकी वर्षं काढून हक्काने दार उघडून आत शिरावं असं माझं एकच घर होतं, आणि त्या घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद झाला. तरी गंमत बघा, त्यांची आठवण काढायला बसले की रडू येण्याआधी एक प्रश्नच आठवतो... सैनिकांनी गोळी का झाडली नाही?

काका रस्ते बांधणारे इंजिनिअर. तरुणपणी पुण्याहून इथे आले आणि प्रांताच्या सरकारी नोकरीतच रिटायर झाले. पहिल्या हिवाळ्यात बसची वाट बघताना पाय गोठायला लागले, म्हणून ते समोरच्या लायब्ररीत शिरले आणि मुखपृष्ठावर बर्फ दिसला म्हणून एक पुस्तक उचललं. ते निघालं रशियाच्या शेवटच्या झारवरचं. "मी इथे दहा मिनिटं उभा राहू शकत नाही, आणि ही माणसं असल्या थंडीत राजाविरुद्ध रस्त्यावर उतरली? कशी?" एवढ्याशा कुतूहलावर त्यांनी पुढचं आयुष्य काढलं. बेसमेंटमध्ये पुस्तकांची रांग वाढत गेली. मराठी मंडळात कुणी पाहुणा आला की जेवणाआधी त्याला विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती दाखवायच्या आणि जेवणानंतर झार ऐकवायचा, हा त्या घरचा शिरस्ता.

उत्तर एका वाक्यात मागितलेलं त्यांना खपायचं नाही. "रस्ता एका खड्ड्याने खचत नाही गं. खालून पाणी मुरत असतं, वर्षानुवर्षं." मग मुरलेलं पाणी सांगायला लागायचे. शेतकऱ्यांची वेठ संपली, पण जमीन पुरेशी मिळाली नाही आणि मिळाली तिचे हप्ते मानेवर बसले. गिरण्या आल्या, त्यांतल्या कामगारांना दाद मागायला जागा नव्हती. जपानशी युद्ध हरले. लोक झारच्याच तसबिरी हातात घेऊन, अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघाले तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नंतर झारने नाइलाजाने लोकसभा दिली, आणि मनाविरुद्ध बोलायला लागली की बरखास्त केली. पुढे महायुद्धात हा गृहस्थ स्वतःच सेनापती होऊन आघाडीवर गेला, म्हणजे प्रत्येक पराभव त्याच्याच नावावर. राजधानीत राणी, तिने डोक्यावर बसवलेला एक साधू, राजपुत्राचा आजार लोकांपासून लपवलेला, आणि पावाच्या दुकानापुढे बायकांच्या रांगा. "शेवटी त्या रांगेतल्या बायकाच चालायला लागल्या," असं म्हणून काका चहाचा घोट घ्यायचे, आणि मग त्यांचा लाडका प्रश्न यायचा. एका तुकडीने आदल्या दिवशी त्या गर्दीवर गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीच तुकडी उलटली, आणि राज्य गेलं. "माणसं तीच, बंदुका त्याच, हुकूमही तोच. मग एका रात्रीत काय झालं?" पुस्तकांनी दिलेलं कुठलंच उत्तर त्यांना पुरं वाटत नव्हतं.

आता हे सगळं ज्याला कळतं तो माणूस स्वतःच्या घरात कसा असावा? लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरात काकांचा शब्द शेवटचा. गाडी तर पूर्णपणे त्यांची. काकूंकडे लायसन्स होतं, दरवर्षी त्या ते रिन्यूही करायच्या, पण स्टिअरिंगला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "या प्रांतातला रस्ता मला आखायला येतो, मग चालवायला दुसरं कोण हवं?" असा काकांचा सवाल. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची नजर मंदावली. डॉक्टरांनी जपून सांगितलं. ब्रॅम्पटनहून मुलगी अदिती फोनवर विनवण्या करायची, "बाबा, प्लीज, जस्ट गिव्ह अप द कीज." काकांनी तहाची कलमं मांडली. अंधारात चालवणार नाही. हायवेवर जाणार नाही. दोन महिन्यांत दोन्ही कलमं त्यांनीच मोडली. "अहो काका, ही तर झारची लोकसभा झाली," मी एकदा म्हणाले. ते मनापासून हसले, आणि हसतहसत गाडीची किल्ली खिशात टाकून मोकळे झाले. मला त्यांचा राग यायचा आणि काकूंसाठी भीती वाटायची, कारण शेजारच्या सीटवर त्या बसलेल्या असायच्या.

गेल्या वर्षीची संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांच्या गाडीतून जायचं म्हणून मी त्यांच्याकडे पोचले. बाहेर उणे तीस तरी असेल. काका गाडीत, इंजिन चालू. काकू काळी साडी, वर जाडजूड पार्का कोट, पायात बर्फाचे बूट, हातात गूळपोळ्यांचा डबा अशा ड्राइव्हवेवर उभ्या.

"मालती, बस."

"नाही."

काकांना वाटलं काही विसरलं असेल. त्यांनी हॉर्न वाजवला. काकू हलल्या नाहीत. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. इतक्या वर्षांत काकांना 'नाही' हा शब्द त्यांनी असा मोकळ्या अंगणात सुनावल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं. काका किल्ली काढून उतरले, बर्फावर घसरू नये म्हणून गाडीला धरून धरून त्यांच्यासमोर आले. आता भडका उडणार म्हणून मी डबा घ्यायला पुढे झाले. पण काकांच्या चेहऱ्यावर रागाच्याही पुढे भलतंच काहीतरी दिसत होतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"काल तर बसलीस," ते म्हणाले. "काल ग्रोसरीला गेलो तेव्हा बसलीस की नाही? मग आज काय झालं?"

"काल तुम्ही स्टॉप साइन चुकवलीत. तो ट्रक हॉर्न मारत गेला. मी गप्प बसले." काकूंच्या तोंडातून वाफ येत होती. "काल बसले ना, म्हणूनच आज नाही बसणार."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस ही काय म्हणाली? आदल्या दिवशी ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांनाच दुसऱ्या दिवशी..." आणि वाक्य अर्धं टाकून त्यांनी किल्ली काकूंच्या हातमोजा घातलेल्या हातात ठेवली. बेसमेंटमधली सगळी पुस्तकं पालथी घालून जे हाती लागलं नव्हतं ते त्यांना स्वतःच्या ड्राइव्हवेवर मिळालं होतं, आणि त्याच क्षणी त्यांची गाडी गेली होती. आनंद मोठा की दुःख, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. हळदीकुंकवात ते येईल त्या बाईला सांगत सुटले, "मला आज पदच्युत केलं बरं का!" घरी परतल्यावर मात्र गॅरेजमध्ये बराच वेळ एकटे बसले होते, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

पुढचं वर्षभर काकू चालवायच्या आणि काका शेजारी बसून प्रश्न विचारायचे. झारने ऐन वेळी राज्य सोडलं ते रेल्वेच्या डब्यात, मग राजधानीत असता तर सोडलं असतं का? लोकसभेचं ऐकलं असतं तर? काकू म्हणायच्या, "समोर बघू द्या हो मला." पण ऐकत असायच्या. इतकी वर्षं बेसमेंटमधून वर येणारा तो इतिहास त्यांनी चहा नेता-आणतानाच ऐकला होता, या वर्षी पहिल्यांदा शेजारी बसून ऐकला.

काका गेले त्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. काकूंनीच त्यांना हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दाराशी सोडलं, व्हीलचेअर आली, आणि काकू गाडी पार्क करायला गेल्या. पार्किंग लॉट भरलेला, जागा लांब मिळाली. बर्फातून चालत त्या आत पोचल्या तोवर सगळं संपलं होतं. एका अनोळखी नर्सने त्यांना बाजूला बसवून सांगितलं. काकू हे कुणाशी फारसं बोलत नाहीत. अदिती आली, राहिली, आई माझ्याबरोबर चल म्हणाली. काकूंनी नकार दिला, तोही तसाच आवाज न चढवता.

परवा त्या मला ग्रोसरीला घेऊन गेल्या. मी सवयीने पुढचं दार उघडलं. शेजारची सीट अगदी शेवटपर्यंत मागे सरकवलेली, काकांचे पाय लांब म्हणून. "तिथे नको, मागे बस गं," काकू म्हणाल्या. मी मागे बसले. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. काकूंनी उजवीकडे, त्या रिकाम्या सीटकडे मान वळवली.

"अहो, पण त्या राणीचं काय?" त्या म्हणाल्या. "तो तिकडे गाडीच्या डब्यात राज्य सोडून मोकळा झाला. ती इकडे आजारी पोरांच्या उशाशी. तिला तर म्हणे दुसऱ्याच कुणीतरी येऊन सांगितलं... तिला विचारायला नको होतं का कुणी?"

सिग्नल हिरवा झाला. काकू वाट बघत राहिल्या.