ताई आली तिथली ओळ

ताईने पहिली सुई मोडली ती धाकटीच्या पाठीवर. बांबूची होती, चांगली जाड, आणि ती मोडली याचंच ताईला जास्त वाईट वाटलं. धाकटी तेव्हा एवढीशी, खुर्चीवर बसली तर पाय लोंबकळायचे. आईबाप एकापाठोपाठ एक गेले, विणकामाचं दुकान ताईच्या गळ्यात पडलं, आणि दुकानाबरोबर फुकट मिळाल्यासारखी ही बहीण. ताईने दोघांनाही वाढवलं. दुकानाला मायेने, बहिणीला हाताने.

सुईनंतर फूटपट्टी आली, लाकडी, कडेला पितळेची पट्टी असलेली. मग चहाचा कप, मग कप उरले नाहीत म्हणून बशी. एकदा इस्त्री. धाकटीच्या डाव्या भुवईवर तिच्या टोकाची खूण अजून आहे, आणि कुणी त्या खुणेकडे जरा जास्त वेळ पाहिलं की ताई स्वतःहून खुलासा करायची, ‘‘गार होती हो इस्त्री. मी काय राक्षस आहे?’’

ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, हा माणूस आवाजावर चालायचा. पहिला आवाज झाला की वर्तमानपत्र काखेत मारून न्हाणीघरात, आतून कडी. शांत झालं की दार किलकिलं करून विचारणार, ‘‘झालं का?’’ जसं काही पाणी तापलं का विचारतोय. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली तरी या माणसाने घरातली मारामारी डोळ्यांनी म्हणून पाहिली नव्हती. बातम्या मात्र तोंडपाठ.

तर अशा घरात धाकटी मोठी झाली, चाळिशीला आली, केस पांढरे झाले, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वेटर काढायची. विणायची असं नाही म्हणायचं, काढायची. चौकटीच्या कागदावर आधी वेणी कुठे वळणार, पान कुठे फुटणार, गळ्याला क्रोशाची किनार किती रुंद, हे सगळं पेन्सिलीने. मग हातभर लांबीचा नमुना स्वतः विणायचा, तो टाचण्यांनी फळ्यावर ताणायचा, वाफ द्यायची, वाळला की पट्टी लावून एका बोटात किती टाके बसतात ते मोजायचं. त्या मोजणीवर अख्ख्या स्वेटरचा हिशेब. इथे इतके टाके घाला, इथे दोनाचा एक करा, इथे बाही सुरू. पुढच्या खोलीत ताईच्या नजरेखाली बसलेल्या बायका तो कागद वाचत विणत जायच्या. नमुना बरोबर तर सगळं बरोबर.

धाकटीची वीण अशी घट्ट, की त्यांच्या दुकानातला स्वेटर टेबलावर ठेवला तर तो पसरायचा नाही, बसायचा. वारा आत शिरायचा नाही. काही जणांचं म्हणणं, डोकंही शिरायचं नाही. पण गिऱ्हाइकं खूश होती, बोटांनी दाबून बघायची आणि वीण काय वीण आहे म्हणायची. ताई मग हसत हसत आपलं गुपित सांगून टाकायची, की हिला चोपल्याशिवाय हिचा हातच बसत नाही. गिऱ्हाइकंही हसायची. त्यांना वाटायचं गंमत आहे.

गंमत नव्हती. नवा नमुना घालायचा म्हटलं की आदल्या दिवशी काहीतरी निघायचंच. चहा गार झाला, दिवा चालू राहिला, काहीही. यंत्राला तेल घालतात तसा मार. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे धाकटीलाही हे पटलेलं होतं. एकदा ताई बाहेरगावी गेली असताना तिने एकटीने नमुना घातला होता. तो असा मऊ, असा सैलसर झाला की हातात घेतला तर मांजरासारखा लोळला. धाकटीला घामच फुटला. तिने सबंध उसवून टाकला आणि ताई परत येईपर्यंत सुईला हात लावला नाही.

मग शोरूमवाली आली. मोठ्या रस्त्यावर तिचं काचेचं दुकान होतं, आणि बोलताना ती डोळे मिटायची, जणू शब्द पापण्यांच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत. तिला ‘असं काहीतरी’ हवं होतं. उबदार, पण उबदार वाटायला नको. पानं हवीत, पण झाड नको. ‘‘यात ना, थोडी संध्याकाळ हवी,’’ ती म्हणाली. ताईने तत्परतेने विचारलं की संध्याकाळ म्हणजे राखाडी का जांभळी.

धाकटीने पेन्सिल घेतली आणि कागदावर एक अंगरखा काढला. खांद्यावरून उतरत जाणारी वेणी, आणि ती खाली येता येता उलगडून नुसती पानं होत गेलेली. शोरूमवालीने डोळे उघडले. मग तिने मोठं काम दिलं, आणि उठता उठता सगळ्यांसमोर म्हणाली की हे अंगरखे अंगाला नीट बसले, तर या बाईंना मी माझ्याकडे घेऊन जाते. दुकानाच्या वर खोली आहे, मोठं टेबल आहे, खिडकी आहे. राहायचंही तिथेच.

‘‘माझ्याच हाताखाली तयार झालीये ती,’’ ताई म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ताई शोरूमवालीला रस्त्यापर्यंत सोडून आली. परत येऊन दाराला कडी घातली. भाऊजींनी वर्तमानपत्र उचललं. त्या दिवशी ताईने फूटपट्टी आडवी न धरता कडेवर धरली, पितळेच्या बाजूने. खांदे, दंड, पाठ, परत खांदे. बोटं तेवढी सोडून, कारण बोटं धंद्याची. प्रत्येक फटक्याला ती दम लागलेल्या आवाजात एकेक वस्तू मोजत होती. हे घे टेबल. ही घे खिडकी. धाकटीने तोंडात लोकरीचा गुंडा दाबून धरला होता, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. ही सवय तिने स्वतःच स्वतःला लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नमुना घातला. सुंदर झाला, लोखंडासारखा. त्यावरून दुकानात विणलेला पहिला अंगरखा कपडे चढवायच्या पुतळ्याला असा बसला, जणू पुतळ्यानेच शिवून घेतलाय. ताईने समाधानाने बहिणीकडे पाहिलं. मी सांगते ना, असं ते पाहणं होतं.

पण काम मोठं होतं. दुकानातल्या बायका पुऱ्या पडेनात, म्हणून पहिल्यांदाच लोकर आणि कागद बाहेर द्यावे लागले. आसपासच्या बायकांनी घरी बसून विणायचं. त्यांची म्होरकी काकू, दोन गल्ल्या सोडून राहणारी, जाड चष्म्याची. काकूचं कशाबद्दलच काही म्हणणं नसायचं. ‘‘माझं काही म्हणणं नाही, पण,’’ असं म्हणून ती जे सुरू करायची ते चष्मा पुसून पुन्हा लावेपर्यंत संपायचं नाही.

अंगरखे तयार होऊन आले. ताईने पहिला उघडला, झटकला, पुन्हा झटकला. मग भाऊजींना हाक मारून अंगात घालायला लावला. बाह्या गुडघ्याला टेकल्या. भाऊजी आतून म्हणाले, ‘‘छान हवेशीर आहे. यात मी आणि वर्तमानपत्र दोघं मावतो.’’ एवढं बोलून त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंगरख्यासकट न्हाणीघर गाठलं.

सगळेच तसे. सगळ्यांच्या सगळे, ढगळ. ताईने पहिली थोबाडीत दिली ती पुतळ्याला. त्याची मान फिरून तोंड भिंतीकडे झालं. मग तिने तो आडवा पाडून लाथेने खोलीभर फिरवला. सुया बदलल्या असणार या भवान्यांनी, लोकर चोरली असणार. बायकांना बोलावून सुया मागवल्या, ताडून पाहिल्या. त्याच होत्या. लोकर वजनात बरोबर. कागदाबरहुकूम टाका न् टाका. बायका अंगरखे उसवायला परत घेऊन गेल्या, आणि ताई सावकाश धाकटीकडे वळली.

‘‘मुद्दाम केलंस?’’

खरं तर धाकटीला रडू येत होतं ते वेगळ्याच कारणाने. खिडकी गेली होती. शोरूमवाली आठवड्याने माल बघायला येणार होती, आणि चूक कुठे आहे हेच तिला दिसत नव्हतं. तिने त्या रात्रीचा मार खाल्ला, आणि सकाळी ताई बाजारात गेलेली बघून काकूला बोलावून घेतलं. म्हणाली, माझ्या समोर बसून विणा. फक्त विणा.

काकू बसली. पाय दुसऱ्या खुर्चीवर. सुनेबद्दल काही म्हणणं नव्हतं पण विणता विणता बरंच निघालं, आणि सुईवरून टाके असे टपटप उतरत होते, जसे कुणी शेंगा सोलतंय. नमुना रुंद पडत चालला होता. धाकटी बघत होती. हात चांगला होता, सारखा होता, फक्त तिच्यासारखा नव्हता.

बाहेर कडी वाजली. ताई.

काकू बोलायची थांबली. पाय खुर्चीवरून खाली आले. खांदे कानांकडे सरकले. ताई दारात उभी राहिली, पिशवी हातात, नुसती बघत, पण काकू विणायची थांबली नाही. थांबायची तिला हिंमतच नव्हती. दोरा बोटाभोवती आवळला गेला, बोटाचं टोक पांढरं पडलं. बऱ्याच ओळी झाल्या. धाकटीने हळूच तिच्या हातातून सुया काढून घेतल्या आणि नमुना टेबलावर पसरला.

नमुन्याला कंबर पडली होती. खाली रुंद, एका ओळीपाशी आत शिरलेला, आणि तिथून वर चिंचोळा, कडक, थेट धाकटीच्या हातचा असावा असा. धाकटीने त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘इथे तू आलीस.’’

मग तिला बोलताना थांबताच येईना. दुकानातल्या बायका इतकी वर्षं बरोबर विणत होत्या, कारण त्याही तिच्यासारख्याच भीत होत्या. तिचा मार मोजून कागदावर चढला होता, आणि कागद गेला होता जिथे ताई नाही अशा घरांत. चूक टाक्यांची नव्हतीच. हे सगळं ती मोठ्या आनंदाने सांगत होती, गणित सुटलेल्या मुलीसारखी, आणि त्या भरात तिचा उजवा हात टेबलाच्या उघड्या खणाच्या कडेवर टेकलेला होता.

ताईने खण लाथेने बंद केला.

तो आवाज न्हाणीघरातही ऐकू गेला असणार. काकूने नंतर गल्लीभर सांगितलं की माझं काही म्हणणं नाही, पण ओली काटकी मोडते तसा होता. दोन बोटं. ताई स्वतःच क्षणभर दचकली. इतकी वर्षं बोटं सोडली होती.

भाऊजींनी आयुष्यातलं एक धाडस केलं, धाकटीला डॉक्टरकडे नेलं. खणात सापडली म्हणून सांगितलं. परत येताना रस्त्यात कुणी न विचारताच म्हणाले, ‘‘मी आत होतो. मला काही ऐकू आलं नाही.’’

‘‘तुमचे कान चांगले आहेत, भाऊजी,’’ धाकटी म्हणाली, आणि घराकडे न वळता काकूच्या गल्लीत शिरली.

हात पट्टीत, सुई धरता येत नाही. मग नमुना काकूच्या हातचा. धाकटी शेजारी बसून सांगणार, काकू विणणार, त्या नमुन्यावरून नवा हिशेब. बाकीच्या बायका ते ढगळ अंगरखे उसवायला भिंतीला टेकून बसल्या, लोकरीच्या लडी एकमेकींच्या हातांवर गुंडाळत. शोरूमवालीचं येणं परवावर आलं होतं, तोवर निदान एक अंगरखा तरी दाखवायचा होता. वेणी पानांत उलगडायला लागली, आणि तेवढ्यात दारावर लाथ बसली.

ताई बाहेरून बोलत नव्हती, नुसतीच लाथा घालत होती, एकीनंतर एक, आणि मध्ये फूटपट्टीचे फटके दाराच्या फळीवर. धाकटीने दाराकडे पाहिलंच नाही. ती काकूच्या बोटांकडे बघत होती. तिसऱ्या लाथेला दोरा आवळला. खांदे चढायला लागले.

‘‘ठेवा खाली,’’ ती म्हणाली. ‘‘एकही टाका घालू नका. मी सांगेन तेव्हा.’’

ती बाहेर गेली आणि दार मागे ओढून घेतलं. ताईने पट्टी उगारली. खाली येणारी पट्टी धाकटीने डाव्या हाताने धरली, पितळ तळव्यात घुसलं तरी सोडली नाही, आणि डोकं खाली घालून सरळ ताईच्या तोंडावर आदळली. मग मनगटाला चावली. ताई ओरडली, केस धरले, दोघी पायरीवरून रस्त्यावर गडगडल्या. धाकटी वर आली आणि ताईने धरलेलं पट्टीचं टोक हिसकून त्यानेच मारत राहिली, खांद्यावर, दंडावर, परत खांद्यावर. कुठे मारायचं हे तिला पाठ होतं. पट्टी मोडली तेव्हा थांबली.

ताई पायरीला टेकून बसली. ओठ फुटला होता, हनुवटीवरून रक्त टपकत होतं. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य. कुणीतरी दुकानातून काहीतरी उचलून नेलंय आणि काय नेलं तेच आठवत नाहीये, असं.

‘‘मला मारलंस तू?’’

‘‘हळू बोल,’’ धाकटी म्हणाली. ‘‘आत नमुना चाललाय.’’

ती उठली, दाराला हात लावला आणि थबकली. तळव्यातून रक्त येत होतं, छाती धपापत होती, आणि मोडक्या पट्टीचा तुकडा अजून मुठीतच होता. मारताना बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. अशी आत गेले, तर काकू आपल्या तोंडाकडे बघणार आणि तिचे खांदे वर जाणार.

तिने तुकडा गटारात टाकला. दार बोटभर उघडून आत न बघता, जमेल तितक्या सपक आवाजात सांगितलं की करा सुरू, आणि सुनेचं कुठवर आलं होतं ते सांगा सगळ्यांना. मग ती तिथेच पायरीवर बसली, ताईपासून हातभर अंतरावर. ताई पदराने ओठ टिपत होती. आतून आधी काहीच येईना, मग सुयांचा आवाज, मग काकूचा, मग कुणीतरी खुदकन हसलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ‘‘झाला गं,’’ काकू म्हणाली. ‘‘माझं काही म्हणणं नाही, पण बघ.’’

धाकटीने नमुना डाव्या हातावर घेतला. तो मऊ होता, लोळत होता. तिने त्याला पट्टी न लावता नुसतं अंगठ्याने चाचपत खालपासून वरपर्यंत नेलं. कुठेही आत शिरला नव्हता. ताईने मान उंच करून बघायचा प्रयत्न केला, तेव्हा धाकटी आत गेली आणि दार लावून घेतलं.