तीन ठिपके

चामोर्शीच्या बसस्टँडमागे त्याचं सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे तो कधी बघायचा नाही. सायकल उलटी करून चाक फिरवायचा, कान लावायचा आणि मला, शाळेतल्या मास्तराला, म्हणायचा, "मास्तर, तुमी ब्रेक लय दाबता."

भिंतीवर मासिकातून कापलेलं बीएमएक्सचं, खडबडीत रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचं, चित्र होतं. ते बघून तो जुन्या सायकलींचे मडगार्ड, कॅरिअर काढायचा, जाड टायर चढवायचा, हँडलला आडवी नळी वेल्ड करायचा. दर रविवारी वैनगंगेच्या कोरड्या पात्रात आम्ही पाचसहा जण त्यांवर शर्यती लावायचो. प्रत्येक सायकलीच्या सीटखालच्या नळीवर तो पंचच्या टोकदार खिळ्यावर हातोडी मारून तीन ठिपके उमटवायचा. ती त्याची सही.

एका उन्हाळ्यात दोन अनोळखी माणसं आली. शर्यतीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. "पायवाटेनं हिच्यावर किती वजन जाईल?" एवढंच विचारून दोन सायकली घेऊन गेली.

आठवड्यानं चौकात पोलिसांची जीप थांबली. जंगलात नक्षलवाद्यांच्या तळावर एक सायकल सापडली होती, तीन ठिपक्यांची. कोणी बनवली, साहेब ज्याला त्याला विचारत होते. जो तो मान हलवून पुढे जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला दुकानात बोलावलं. माझी सायकल उलटी केली, पण चाक फिरवलं नाही. कानशीनं तिन्ही ठिपके घासून काढले. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मास्तर, ही सायकल कुठून घेतली?"

"तुमच्याकडूनच, भाऊ."

"नाई. कुठून घेतली?"

भिंतीवरचं चित्र नव्हतं. चुन्यावर त्याचा चौकोन तेवढा उरला होता.

"ना... नागपूरहून."

"अजून एकदा सांगा," तो म्हणाला. "अडखळता काऊन?"