वैशालीसाठी टाकलेला शब्द

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे. ही एक गोष्ट मी चार वर्षं कुणालाही कळू दिलेली नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट माहीत नाही.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काढली. वैशाली माझ्याच हाताखाली शिकली. कोपरहून यायची. रक्त काढताना तिचा हात इतका हलका, की लहान पोरंसुद्धा रडायची नाहीत. पेशंट आत येऊन मलाच विचारायचे, त्या दुसऱ्या ताई आहेत का? मी हसून तिला हाक मारायचे. हसायचे खरी — पण आतून जळायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

मग डॉक्टरांनी लॅब बंद करायचं ठरवलं. आम्हाला दोन महिन्यांची मुदत दिली. माझं वय एकोणपन्नास — मला कोण घेणार होतं? तेवढ्यात कल्याणच्या एका नव्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक जागा असल्याचं कळलं. तिथली प्रमुख मीना, माझी कॉलेजातली मैत्रीण. मैत्रिणीकडे नोकरी कशी मागायची, म्हणून मी लाजत बसले. वैशालीला लाजून चालणार नव्हतं. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी दहावीला.

"ताई, तुमच्या ओळखीच्या आहेत ना त्या? माझ्यासाठी शब्द टाकाल?"

टाकला. तिच्यासमोर फोन लावता आला असता — पण मी जिन्यात जाऊन लावला. जिन्यात का गेले? तेव्हाच माझं ठरलं होतं का? मीनाला म्हटलं, मुलगी गुणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. इथे थांबायचं होतं. थांबले नाही. आवाजात कळवळा आणून पुढे म्हणाले, "बिचारीची फार ओढाताण होते गं. सासरे अंथरुणाला खिळलेत, सारखी सुट्टी घ्यावी लागते तिला."

तिचे सासरे पाच महिन्यांपूर्वीच गेले होते. त्यांच्या तेराव्याला मी कोपरला जाऊन जेवून आले होते.

मीना म्हणाली, मग तूच का येत नाहीस? मी आढेवेढे घेतले — किती? दोन वाक्यांपुरते. वैशालीला सांगितलं, त्यांना जास्त अनुभवाचं माणूस हवंय, माझ्याच मागे लागल्यात. तिला ते खरं वाटलं. तिनं माझ्यासाठी पेढे आणले, आणि मी ते लॅबभर वाटले.

आता ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते, पार खडवलीपर्यंत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तुमच्याकडे जागा निघाली तर कळवाल ना, ताई? जागा निघालीच होती. मीना रोज विचारत होती, तुझ्या ओळखीत आहे का कुणी चांगली? पण वैशाली आली, की मीना तिला मायेनं विचारणार — सासरे कसे आहेत गं आता? आणि ते कधी गेले, हे ती खरं सांगणार.

"कळवते हं," मी म्हटलं.

सोमवारी त्या जागेवर दुसरी मुलगी रुजू झाली. वैशालीला मी काहीही कळवलेलं नाही.