मोबाइलमधले सर्जेराव

ज्या बाईने लग्नापासून नवऱ्याला ‘अहो’पलीकडे हाक मारली नाही, तिनेच बायकांनी वापरायच्या ॲपला ‘सर्जेराव’ नाव ठेवलं. ती बाई मी. आता नातवंडं मलाच मोबाइल शिकवतात. तेव्हा माझे केस काळे होते, म्हणजे मी ते करत होते, आणि ब्रँडिंग म्हणजे काय ते अख्ख्या सांगलीत मलाच कळतं अशी माझी खात्री होती.

आमची एजन्सी छोटी. हळदीची पाकिटं, गुळाच्या बॉक्सची लेबलं, दुकानांचे बोर्ड. त्यात एक दिवस अस्मिता आली. फलटणची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून तिने सॉफ्टवेअर बनवलं होतं. गावात सकाळ-संध्याकाळ जिथे दूध घालतात त्या संकलन केंद्रावर दूध मोजलं, की किती लिटर आणि फॅट किती लागली ते लगेच घालणाऱ्याच्या मोबाइलवर. पलूसकडच्या एका डेअरीने तिला एका गावात ट्रायल दिली होती. दूध घालायला येतात बायका. त्यांनी ॲप आपणहून वापरलं तर सगळी केंद्रं तिची. नाहीतर तिच्या वडिलांचं ठरलं होतं : गुमान नोकरी, आणि स्थळं बघायला सुरुवात.

“काकू, असं नाव द्या की विसरताच येणार नाही,” ती म्हणाली.

नावाचं काम दिसतं हलकं, पण माणसाला पिळून काढतं. ‘मिल्क’ला काहीतरी जोडा, ‘दूध’ला काहीतरी जोडा, जे बरं वाटेल ते आधीच कुणीतरी रजिस्टर केलेलं. शेवटी शेवटी मला चहातलं दूधही बघवेना. मग एकदा एसटीत पेंगताना सुचलं : माणसाचंच नाव द्यावं. सर्जेराव! भारदस्त, मिशीवाला, घरच्या भरवशाचा. लोगोत फेटा. आणि ॲप उघडलं की खणखणीत आवाज : “राम राम, मी सर्जेराव!” आवाजाची आयडिया माझी. मी ती सगळ्यांना सांगत सुटले होते.

आमच्या धंद्यात रिकॉल टेस्ट असते. नाव एकदा सांगायचं, इकडचं-तिकडचं बोलायचं, चहा झाला की विचारायचं, मघाशी नाव काय सांगितलं? मी ट्रायलच्या गावात पारावर गेले. पारावर अर्थात पुरुषच. चहानंतर सगळे एका सुरात, “सर्जेराव!” आणि खदाखदा हसले.

“लय भारी नाव हाय, मॅडम.”

माझी छाती फुगली. का हसताय, हे विचारायचं सुचलं नाही.

ट्रायल सुरू झाली. ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर घालून दिलं, पण उघडेना कुणी. हेल्पलाइनवर फोन येत ते असे :

“ते आपलं बंद कसं करायचं?”

“ते म्हणजे काय, ताई?”

“आवं, ते... मोबाइलातलं.” फोन कट.

डेअरीच्या चेअरमननी बोलावून घेतलं. “मॅडम, पुण्याची कंपनी दारात हुबी हाय. म्हैनाअखेरपतूर बघतो. मग मला बोल लावू नगा.”

परतताना अस्मिताने एवढंच विचारलं, “काकू, माझ्या सॉफ्टवेअरमध्येच काही खोट असेल का?”

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तपासून बघ एकदा.” केवढी ती माझी अक्कल!

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच केंद्रावर जाऊन उभी राहिले. एका तरुण सुनेचं दूध मोजून झालं. तिने बिचकतच ॲप उघडलं.

“राम राम, मी सर्जेराव!”

तिने मोबाइल पदरात कोंबला आणि उरलेला पदर डोक्यावर ओढला. मागून सासू कडाडली, “आगं, कुणाचं नाव वरडतंय ते? दाब की त्याचं तोंड!”

“कुणाचं नाव?” मी दूध मोजणाऱ्या केंद्रचालकाला विचारलं.

“सर्जेराव आबा की. गावातलं थोरलं मानूस. निम्मं गाव भावकीच हाय. म्हंजे ह्या समद्या त्यांच्या सुनाच.”

“मग त्या दिवशी पारावर कुणी बोललं का नाही?”

“आमास्नी वाटलं, आबांच्या मानासाठी ठेवलंय.”

माझी रिकॉल टेस्ट शंभर टक्के का पास झाली, ते आता कळलं. सुनेने सासऱ्याचं नाव तोंडी घ्यायचं नसतं. हे मला कुणी शिकवायला हवं होतं? बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं तर मी मुकाट्याने आधार कार्ड पुढे सरकवते. आणि इथल्या बायकांच्या पदरात मी सासराच बोलता केला होता, दिवसातून दोनदा.

नवं नाव तिथेच, रांगेत, बायकांना विचारून ठरलं : ‘चरवी’. जिच्यातून त्या दूध आणत होत्या ती. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. फारच साधं म्हणून मीच खोडलं होतं. आवाज काढून टाकला. हळूहळू बायका ॲप उघडू लागल्या. चेअरमननी निम्मी केंद्रं अस्मिताला दिली, निम्मी पुण्याच्या कंपनीला. तिच्या वडिलांनीही निम्म्यावर भागवलं : नोकरीचा हट्ट सोडला, स्थळं तेवढी चालू ठेवली. केंद्रावर लावलेले फेट्याच्या लोगोचे बोर्ड मी स्वतः उभी राहून उतरवले.

नाव लक्षात राहतं का, हे कुणीही तपासतं. ते ज्याने उच्चारायचं त्याला उच्चारता येईल का, हे आधी बघावं.

मग आबांच्या घरी माफी मागायला गेले. आबांना राग नव्हताच. मोबाइलमधून आपण गेलो याचीच हळहळ होती. त्यांच्या बायकोने चहा पुढे ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, “आवं बाई, ह्यांचं नाव घ्यायला लावायचंच हुतं, तर एखांदा उखाणा तरी करून द्यायचा हुता!”