वरची दाढ

बाळांनो, पिंगळीला गाडीत चढलेली एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. गालावर शेकलेलं एरंडाचं पान, वरून पदर आवळलेला. पान गार झालं की ती ते उलटं करी आणि कण्हे. गाल इतका सुजला होता की उजवा डोळा मिटला होता. अंगात तापही होता. दाताची सूज अशी वर चढली की थांबायचं नसतं.

"आजच डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"न्हाई मावशी. वरची दाढ हाय. काढली की डोळा जातो. माझ्या सासूचा गेला."

"दाढ काढल्यावर लगेच?"

"न्हाई, म्हातारपणी."

मी कपाळावर हात मारला. "बरं, चांगला डोळा झाका आणि माझ्याकडे बघा."

तिनं डावा डोळा तळहातानं झाकला.

"ह्यो तर आत्ताच गेलाय की," ती हळूच म्हणाली.

परभणीला उतरल्यावर मीच तिला रिक्षात बसवलं आणि शेजारी बसले. वाटेत तिनं विचारलं, "मावशी, दाढ काढली तर ह्यो उघडंल का?"

"त्यासाठीच तर चाललोय," मी म्हटलं. "आधी ते पान फेका!"