सालं वाचणारे सावंतकाका

आमच्या इमारतीमागे ओल्या कचऱ्याचं खत करायचा हौद आहे. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन सावंतकाका रोज सकाळी तो काठीने ढवळतात. ढवळताना वाकून इतकं निरखून बघतात की मला त्यांचा संशयच यायला लागला. कुणाच्या घरात काय शिजतं, किती वाया जातं, हे यांना कशाला हवं? नासलेली भाजी मी कागदात गुंडाळून टाकू लागले.

एका सकाळी त्यांनी मला थांबवलं. "वरच्या लेलेबाईंचा चहाचा चोथा दोन दिवस आला नाही. आलं घालतात त्या, ओळखू येतो. जरा वर येता का माझ्याबरोबर?"

मी चरकले, पण गेले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. एकट्या राहणाऱ्या लेलेबाई भिंत धरून उभ्या होत्या, अंग तापाने फणफणलेलं. आम्ही डॉक्टरांना बोलावलं. चार दिवसांनी त्या हिंडूफिरू लागल्या.

तरीही आपण टाकलेलं कुणीतरी वाचतंय, ही टोचणी जात नाही. बादली उपडी करताना वाटतं, ही सालं माझ्याबद्दल काय सांगत असतील? आणि मग वाटतं, एखाद्या दिवशी ती आलीच नाहीत, तर काकांना कळेल ना?